झाडांची वेस

दर वर्षी मे महिना उजाडला की ठाणे, डोंबिवली, कल्याण येथून शेकडो कुटुंबे केदारनाथ-बदरीनाथाकडे निघतात. त्यांतील बरीच मंडळी वाटेत चोपता येथे उतरून तुंगनाथाच्या दर्शनालाही चढून जातात. चढ तीन-चार किलोमीटरांचाच आहे, पण छाती भरून येते. सुरुवातीस दोन्ही बाजूंना दाट रान असते: खरसूची झाडे, फरची झाडे, लाल फुलांचा बुरांस. जसजसे वर जावे तसतशी झाडे बुटकी होत जातात, वाकडी होतात, विरळ होतात आणि मग एके ठिकाणी संपतातच. पुढे केवळ गवत. त्या गवताच्या कुरणांना तिकडे बुग्याल म्हणतात. सुमारे ३,६८० मीटर उंचीवरील तुंगनाथाचे मंदिर अशाच उघड्या माळावर उभे आहे. परत आल्यावर मंदिराचे, बर्फाचे, महाग चहाचे वर्णन चार दिवस चालते; झाडे कोठे संपली हे मात्र कोणी सांगत नाही.

ज्या उंचीवर झाडे संपतात तिला वृक्षरेषा म्हणतात. आम्ही तिला झाडांची वेस म्हणू. जग तापत चालले आहे. तेव्हा ही वेस वर सरकत आहे काय, सरकत असल्यास ते चांगले की वाईट, आणि ठाण्या-कल्याणच्या माणसाने त्याची चिंता का वाहावी, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण थोडे कारखान्याच्या फाटकावर आणि पुष्कळसे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यामुळे एक सवय जडली आहे. कोणी म्हणाले, की अमुक गोष्ट आपोआप घडली, की ती घडण्यास काय काय लागले आणि तिचा खर्च कोणाच्या नावे पडला, हे विचारावयाचे. झाडांच्या वेशीलाही आम्ही तोच प्रश्न विचारला.

उंचावर झाड थांबते ते का? थंडीमुळे पानांना अन्न तयार करता येत नसावे, हे उत्तर प्रथम सुचते. ते बरोबर नाही. स्वित्झर्लंडमधील बाझलच्या विद्यापीठात क्रिस्तियन कोर्नर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या अनेक डोंगरांवर झाडांच्या वेशीपाशी जमिनीत तापमापक पुरून ठेवले. डोंगर विषुववृत्तानजीकचा असो की उत्तर युरोपातला, वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान त्या वेशीपाशी सुमारे ६ ते ७ अंश सेल्सिअस भरते, असे त्यांना आढळले. एवढ्या थंडीत पाने साखर करीतच असतात. पण ५ अंशांच्या आसपास नव्या पेशी घडविण्याचे, लाकूड बनविण्याचे काम जवळजवळ थांबते. कारखान्याच्या भाषेत सांगावयाचे तर कच्चा माल गोदामात पडून आहे, पण यंत्रखाते बंद आहे.

मग त्याच जागी गवत आणि खुरटी झुडपे कशी जगतात? ती जमिनीला बिलगून राहतात म्हणून. ऊन पडले की जमिनीलगतची हवा तापते आणि गवताच्या दाटीत ती ऊब टिकते. दुपारी तेथे आसपासच्या हवेपेक्षा कित्येक अंश अधिक उष्णता असते. झाड वाऱ्यात उभे. त्याला वाऱ्याचे तापमान सोसावे लागते, शिवाय आपल्याच सावलीने ते आपल्या मुळांखालची माती गार ठेवते. उंची हेच झाडाचे भांडवल. आणि डोंगरमाथ्यावर तेच त्याच्या अंगलट येते.

आता साधे त्रैराशिक मांडू. डोंगर चढताना दर शंभर मीटरला तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरते. म्हणजे हवा १ अंशाने तापली, तर पूर्वी जी थंडी एका ठिकाणी होती ती आता दीडशे-पावणेदोनशे मीटर वर गेली पाहिजे. १८५० ते १९०० ह्या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० ह्या दशकात जगाचे सरासरी तापमान १.१ अंशाने वाढलेले होते; २०२४ हे एकच वर्ष घेतले तर वाढ दीड अंशाच्याही थोडी वर गेली. ह्या हिशेबाने सगळ्या जगातील झाडे आतापावेतो दीडशे-दोनशे मीटर वर चढावयास हवी होती.

पण झाडे त्रैराशिक शिकलेली नसतात. २००९ साली जगातील १६६ ठिकाणच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. १९०० सालानंतर त्यांपैकी ५२ टक्के ठिकाणी वेस पुढे सरकलेली आढळली. मागे हटलेली ठिकाणे शेकड्यात एक. बाकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी वेस होती तेथेच होती. जेथे हिवाळे विशेष सौम्य झाले तेथे ती सरकण्याचा संभव अधिक दिसला. आणि आणखी एक मौजेची गोष्ट: जेथे झाडे हळूहळू विरळ होत संपतात तेथील वेस सरकते, जेथे रान भिंतीसारखे एकदम संपते किंवा वाऱ्याने पिळवटलेल्या खुरट्या झाडांत संपते तेथील वेस सहसा हलत नाही.

निम्मी ठिकाणे स्थिर का राहिली, हाच खरा समजून घेण्याचा भाग आहे.

झाड चालत नाही. वेस सरकते म्हणजे नवी रोपे वर उगवतात आणि जगतात. त्यासाठी ज्या वर्षी बी भरपूर धरले त्याच वर्षी ते वर पोहोचले पाहिजे, त्याला माती मिळाली पाहिजे, पुढची दहा-वीस वर्षे कडक हिमाने, बर्फाच्या घसरणीने किंवा मेंढीच्या तोंडाने ते रोप मरता कामा नये. ह्याच्या उलट, एकदा मोठे झालेले झाड प्रतिकूल काळातही शे-दोनशे वर्षे तग धरते. ज्यांनी एखादा कारखाना हळूहळू बंद पडताना पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. नवी भरती कधीच थांबलेली असते. पण जुने कामगार निवृत्तीपर्यंत रोज पाळीवर येत असतात, भोंगा होत असतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यास कारखाना व्यवस्थित चालू दिसतो. हजेरीपट उघडून सर्वांत तरुण माणसाचे वय पाहावे, तेव्हा खरी स्थिती कळते. डोंगरावरचे संशोधकही नेमके हेच करतात. मोठी झाडे मोजून ते थांबत नाहीत. रोपे मोजतात, आणि बारीक नळीने खोडातून लाकडाची सळई काढून वर्तुळांवरून वय काढतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या पोथ्या ज्या भूर्जपत्रांवर लिहिल्या गेल्या तो भूर्ज हिमालयातील झाडांच्या वेशीवरचा पहारेकरी आहे. तिकडे त्याला भोज म्हणतात. नेपाळातील लांगटांग आणि सगरमाथा ह्या भागांत वेशीवरच्या भूर्जांची वर्तुळे तपासली गेली, आणि त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. थंडी कमी झाली की भूर्ज जोमाने वाढेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. आढळले असे, की त्याची वाढ पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत मातीत ओल किती आहे ह्यावर अडलेली आहे. वसंत तापू लागला आणि पाऊस त्या मानाने पडला नाही, तर माती पावसाळ्याआधीच कोरडी पडते. तेव्हा ऊब वाढली की झाडे वर चढतात, हे सूत्र तेथे उलटूही शकते.

तिसरी गोष्ट माणसाची, आणि ह्या बाबतीत आमचे मत जरा तिखट आहे. गंगोत्रीहून गोमुखास जाताना भोजबासा लागते. नावच सांगते की तेथे भोजाचे रान होते. आज ते नाव सार्थ करण्याइतकी झाडे तेथे नाहीत. यात्रेकरूंच्या चुलींनी आणि मुक्कामांनी ती खाल्ली. ह्याला हवामान जबाबदार नाही. तरीही दोष द्यावयाचा झाला की बोट दाखविले जाते ते मेंढपाळाकडे. चराईने बुग्यालांवर रोपे उठत नाहीत हे खरेच आहे. हिमालयात पुष्कळ ठिकाणी झाडांची वेस थंडीने ठरते त्यापेक्षा खाली आहे ती चराईमुळे आणि सरपणामुळे. पण ते कुरण शतकानुशतके त्या चराईवरच राहिले आहे. आल्प्समध्ये ह्याची दुसरी बाजू दिसते. तेथे विसाव्या शतकात डोंगरातील पशुपालक कुरणे सोडून शहरांकडे, कारखान्यांकडे गेले. मोकळ्या कुरणांत झाडे वर चढली, आणि लोक म्हणू लागले, पाहा हवामानबदल! स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी नीट हिशेब केला तेव्हा ह्या नव्या रानाचा बहुतांश भाग गुरे गेल्यामुळे आलेला होता, ऊब वाढल्यामुळे आलेला भाग थोडा होता.

सारांश, झाडांच्या वेशीला तापमापक समजणे ही घाई आहे. थंडी ही वरची अंतिम मर्यादा. तिच्या आत वेस प्रत्यक्षात कोठे पडेल, हे बी, माती, ओल, जनावर आणि माणूस मिळून ठरवितात.

कोणी म्हणेल, झाडे वर चढली तर बिघडले काय? हिरवळ वाढेल. पण वर रिकामी जागा नाही. तेथे बुग्याल आहे, त्यातील औषधी वनस्पती आहेत, त्यावर जगणारी माणसे-जनावरे आहेत. डोंगर वर निमुळता होत जातो. झाडे एक पायरी चढली की गवताने एक पायरी चढावयाची, आणि शेवटच्या पायरीवर असलेल्याने कोठे जावयाचे? बदलीचा हुकूम निघाला आहे, पण पुढे कार्यालयच नाही, असा तो प्रकार.

आता घराकडे वळू. हे सर्व आमच्या सह्याद्रीत पाहावयास मिळेल काय? नाही. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवरील उघड्या माथ्याकडे बोट दाखवून, ही पाहा वृक्षरेषा, असे सांगणारे भेटतात. ते चूक आहे. आपल्या अक्षांशावर थंडीने झाडे थांबावयास डोंगर दुपटीहून उंच हवा. सह्याद्रीचे माथे उघडे आहेत ते कातळामुळे, नावालाच असलेल्या मातीमुळे, वाऱ्यामुळे, आणि पुष्कळ ठिकाणी वणव्यांमुळे. माहुली किंवा मलंगगड तर आणखीच ठेंगणे.

तरीही आमच्या जिल्ह्यात झाडांची एक वेस आहे, आणि ती तापत्या हवेला बांधलेली आहे. ती डोंगरमाथ्यावर नसून समुद्रसपाटीला आहे. ठाण्याहून कल्याणकडे गाडी सुटली की कळव्यापूर्वी खाडी लागते. तेथे दोन्ही काठांना जी हिरवी झाडी दिसते ती कांदळवनाची. पुढे मुंब्रा, दिवा, डोंबिवलीचे मोठागाव, कल्याणचा दुर्गाडी किल्ला, असा उल्हास नदीचा खारा काठ धरून ही झाडी येते. डोंगरावर झाडांना वर थंडी अडविते. येथे झाडांना खाली पाणी अडविते. रोज दोनदा भरती येते. ज्या चिखलावर पाणी फार काळ उभे राहते तेथे रोप गुदमरते. म्हणून साधारण मधल्या पाणीपातळीपासून मोठ्या उधाणाच्या पातळीपर्यंत, एवढ्याच पट्ट्यात ही झाडे जगतात.

ठाणे खाडीत तिवराचे राज्य आहे. त्याची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण चिखलात हवा नाही आणि मुळांना श्वास घ्यावयाचा असतो. पावसाळ्यात त्याचे बी पडते ते जवळजवळ उगवण्याच्या बेतात असलेले. भरतीने वाहत जाऊन योग्य चिखल मिळाला की ते रुजते. तिवराच्या सोबतीला चिपी, कांदळ, काट्यांची मारांडी. त्यामागे पूर्वी खारभूमी असे: शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवावयाचे, उघाडीतून पावसाचे पाणी सोडावयाचे आणि आत भात काढावयाचा. कोठे मिठागरे असत. बांध सांभाळणे हे गावकीचे काम होते. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खारभूमीसाठी कायदाही केला. ज्या खारीची शेती सुटली आणि बांध फुटले, तेथे तिवर न लावता आला. आल्प्समधील सोडलेल्या कुरणांची हीच गोष्ट, फक्त पात्रे निराळी.

आता समुद्र काय करीत आहे ते पाहू. १९०१ ते २०१८ ह्या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने चढली. चढण्याचा वेगही वाढला आहे. २००६ ते २०१८ ह्या काळात तो वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. पाणी चढले की तिवरापुढे दोन मार्ग असतात. एक, भरतीबरोबर येणारा गाळ मुळांत अडवून आपल्या पायाखालची जमीन उंच करीत राहणे. हे काम तो मोठ्या चिकाटीने करतो. पण त्यालाही सीमा आहे: पाण्याची चढण वर्षाला ६-७ मिलिमीटरच्या पुढे गेली तर कांदळवनाला जमीन उचलणे साधत नाही, असे २०२० साली जगभरच्या जुन्या गाळथरांच्या अभ्यासावरून दाखविण्यात आले. दुसरा मार्ग, जमिनीकडे सरकणे.

सरकावयाचे किती? हिशेब पुन्हा सोपा आहे. काठाचा उतार पाचशे मीटरला एक मीटर असेल, तर २० सेंटीमीटर पाणी चढल्यावर झाडांच्या वेशीला आडवे शंभर मीटर मागे यावे लागेल. हिमालयात शंभर मीटर चढण्याला ०.६ अंशाच्या आसपास ऊब लागते. येथे वीतभर पाणी पुरते.

आणि मागे काय आहे? मागे भिंत आहे. १८५३ साली रेल्वे ठाण्यास आली, १८५४ साली कल्याणला पोहोचली. तिचा भराव हा पहिला मोठा बांध. मग रस्ते, औद्योगिक वसाहती, कचऱ्याचे डोंगर, नाल्यांच्या काँक्रीटच्या भिंती, आणि आता खाडीचे दृश्य दाखवून विकलेले मनोरे. बुग्यालातील गवताला जसे माथ्यापुढे आकाश, तसे तिवराला काठामागे काँक्रीट.

येथे एक आक्षेप आम्हांस नेहमी ऐकू येतो. खाडीतील तिवर तर वाढलेला दिसतो, मग रड कशाची? दिसतो खरा. ठाणे खाडीत गेल्या काही दशकांत तिवर पाण्याच्या बाजूला पसरला आहे. कारण तेथे गाळ साचला, राडारोडा पडला, सांडपाण्याचा मळ बसला आणि खाडी उथळ झाली. ज्या उघड्या चिखलावर रोहित पक्षी चरतात तोच चिखल त्यामुळे आक्रसतो. पाण्याच्या बाजूने वाढलेला तिवर ही खाडी भरत चालल्याची पावती आहे. उल्हासला पूर येतो आणि त्याच वेळी समुद्राला उधाण असते तेव्हा ह्या उथळ खाडीत पाणी मावत नाही. २६ जुलै २००५ कल्याण, अंबरनाथ, बदलापूर येथील माणूस विसरलेला नाही.

पाणी प्रथम कोणाच्या उंबऱ्यात शिरते? जो सर्वांत खाली राहतो त्याच्या. आणि खाली कोण राहतो? १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील किती तरी कुटुंबे कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण ह्या बाजूस सरकली. पुढे ठाण्यातील कारखाने एकामागून एक बंद पडले, त्यांच्या जमिनींवर इमारती उठल्या, आणि त्यांत काम करणारा माणूस स्वस्त जागा शोधीत खाडीच्या काठास आला. आमच्या युनियनचे कित्येक जुने सभासद आज भरावावर राहतात. कांदळवन तोडले म्हणून झोपडीवर नोटीस येते. भराव टाकणाऱ्या ट्रकांचा मालक कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. ह्याचा अर्थ तिवर तोडला तरी चालेल असा आम्ही करीत नाही. तिवर गेला तर पहिली लाट त्याच झोपडीवर येणार आहे. म्हणूनच कांदळवनाचा प्रश्न हा आम्ही कामगारांच्या घरांच्या प्रश्नापासून निराळा काढीत नाही. तिवरामागची जी थोडी मोकळी खार आणि मिठागरे शिल्लक आहेत ती मोकळी ठेवावीत, आणि काठावरच्या माणसाला त्याच्या कामाच्या पल्ल्यात पक्के घर आधी द्यावे, मग उठवावे. ह्या दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहिल्या पाहिजेत.

कायदा अगदीच नाही असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाची तोड थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ साली अंतिम निर्णयात त्याचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कावरील घाला मानला. कांदळवनाभोवती ५० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवावा असेही ठरले. २०१२ साली राज्य सरकारने कांदळवन कक्ष काढला, २०१५ साली ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले, आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसरच्या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत गेली. हे सर्व लोकांच्या रेट्याने झाले, आणि ते मोलाचे आहे.

परंतु ५० मीटर मोजावयाचे कोठून? नकाशावर जी रेषा आखलेली आहे ती आखणीच्या वर्षीची. झाडांची वेस दोन्ही बाजूंनी हलत असते, नकाशावरची रेषा हलत नाही. वर केलेल्या हिशेबाने शंभर मीटर मागे येऊ पाहणाऱ्या झाडाला पन्नास मीटर पुरावयाचे नाहीत. तेव्हा ही मोजणी दर पाच वर्षांनी नव्याने व्हावी. त्यात मोठी झाडे न मोजता रोपे कोणत्या बाजूस रुजत आहेत हे पाहावे. आणि मोजणीच्या दिवशी सरकारी अधिकाऱ्यांबरोबर काठावरचे कोळी, आगरी आणि भरावावर राहणारे कामगार ह्यांचे प्रतिनिधी हजर असावेत, पंचनाम्यावर त्यांच्याही सह्या असाव्यात.